वहीतल्या फुल्या

चोपड्याला येऊन मला सतरा-अठरा वर्षे झाली, तरी एक प्रश्न अजून माझा पिच्छा सोडीत नाही. जून महिना उजाडतो, नवे विद्यार्थी वर्गात येतात, वेळापत्रकावरचे माझे पोर्तुगीज वळणाचे आडनाव वाचतात आणि त्यातला एखादा धीट मुलगा उभा राहून विचारतो, "सर, तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसे काय शिकवता?" प्रश्नात खोडी नसते. निखळ कुतूहल असते. म्हणून मीही न रागावता उत्तर देतो.

मी त्याला वसईची गोष्ट सांगतो. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या दोनशे वर्षांत आमच्या पूर्वजांचा धर्म बदलला, आडनावे बदलली. भाषा मात्र बदलली नाही. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी ओवी हाती घेतली आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत! मुलगा "अच्छा" म्हणतो आणि खाली बसतो.

हे झाले वर्गातले उत्तर, परीक्षेत चार गुण मिळवून देणारे. खरे उत्तर याहून साधे आहे. मी मराठी शिकलो तो आईकडून. आणि आई जी मराठी बोले, ती अर्धी बाजाराची असे आणि अर्धी प्रार्थनेची. ही आई गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस गेली. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात होते.

आमचे घर वसई तालुक्यात, निर्मळच्या बाजूला. पुढे वाडी, मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्याचे लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठावे, जमिनीत मुरावे आणि उन्हाळाभर विहिरींना पुरावे, अशी जुन्या माणसांनी लावून दिलेली ही व्यवस्था. वाडीत केळी, आळू, मेथी, चाफ्याची चार झाडे आणि कागड्याचे दोन वाफे. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या बोलीत आम्ही तिला 'आय' म्हणत असू.

वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. वडील रोज सकाळी डबा घेऊन निघावयाचे, ते एक दिवस निघेनासे झाले. पहिले दोन महिने शिलकीवर गेले. तिसऱ्या महिन्यात आईने कोणाला काही न विचारता फुलांची पाटी डोक्यावर घेतली आणि नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी धरून दादरचा फुलबाजार गाठला. त्या दिवशी तिला तेवीस रुपये मिळाले, असे थोरली बहीण सांगते. त्या तेवीस रुपयांतले दोन रुपये आईने एका पत्र्याच्या डबीत वेगळे टाकले. ते देवळातल्या गरिबांच्या पेटीचे. आमच्याकडे चर्चला जुनी माणसे देऊळच म्हणतात.

तेथून पुढे बावीस-तेवीस वर्षे तिचा दिवस अडीच वाजता उजाडला. कागड्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी तोडाव्या लागतात. उमलल्या की बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. अंधारात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हाताने कळ्या खुडीत ती वाफ्यातून पुढे सरके. खुडता खुडता तिचे ओठ हलत. जपमाळ गळ्यात असे. पण माळ धरायला हात मोकळा कोठे होता? म्हणून ती कळ्यांच्या मुठींवर प्रार्थना मोजी. एका मुठीला एक 'नमो मारिया'. दहा मुठी झाल्या की एक दशक पुरे. पाच दशके झाली की पाटी भरत आलेली असे आणि पूर्वेला फटफटू लागे. भाजीच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधतानाही हाच हिशेब. पाटी कमी भरली तर ती "आज फुले कमी" असे म्हणत नसे. म्हणे, "आज प्रार्थना लवकर संपली."

आईने प्रार्थना आणि काम यांची कधी गल्लतही केली नाही आणि ताटातूटही होऊ दिली नाही. पश्चिमेकडल्या बेनेडिक्टपंथी मठांतून 'प्रार्थना करा आणि काम करा' असे बोधवाक्य लिहिलेले असते, हे मला पुढे पुस्तकातून कळले. आईला बेनेडिक्ट ठाऊक नव्हता. पण देवापुढे बसून काम टाळणारी माणसे तिला आवडत नसत, आणि कामाच्या नावाखाली देवाला टाळणारी तर मुळीच आवडत नसत. रविवारी बाजार नाही, हा तिचा नेम. उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात मासळी शिजली नाही. पावसात, तापात, गाडी चुकलेल्या दिवशीही संध्याकाळची जपमाळ चुकली नाही. आम्ही मुले पेंगू लागलो की ती रागावत नसे. आपला आवाज किंचित वाढवी, एवढेच.

तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. अर्थ कळत नसतानाही तिला सारी प्रत्युत्तरे तोंडपाठ होती. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली. आई तेव्हा परकरी पोर होती. पहिली मराठी मिस्सा ऐकून आली त्या दिवसाची आठवण ती नेहमी सांगे. म्हणे, "तोवर देव परगावच्या पाहुण्यासारखा वाटे. त्या दिवशी वाटले, हा आपल्याच आळीतला." भाषा आणि माणूस यांच्या नात्यावर मी पुष्कळ ग्रंथ वाचले, विद्यार्थ्यांना त्यांची टिपणे उतरवून दिली, पण या दोन वाक्यांपुढे मला त्यांतले फारसे काही आठवत नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. आमच्या घरी दिवाळी नसे, पण दिवाळीचे काम असे, आणि ते वर्षातले सर्वांत मोठे काम. वसुबारसेपासून आईची दोन माणसांची कामे एकटीने सुरू होत. कागडा, तगर, चाफा. जेवणावळींसाठी केळीची पाने. लक्ष्मीपूजनाला केळीचे खांब. तोरणांना आंब्याचे टहाळे. दादरच्या पुलाखाली तांबड्या चौकड्यांचे लुगडे नेसलेल्या आमच्याकडच्या बायका ओळीने बसत, आणि परळपासून पार्ल्यापर्यंतच्या गृहिणी त्यांच्याकडून फुले घेऊन जात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या लक्ष्मीला त्या वर्षांत माझ्या आईने खुडलेली फुले वाहिली गेली असतील. एकदा वाडीतल्या कोणी तिला टोचून विचारले, "आपली फुले त्यांच्या देवाला जातात, तुला काही वाटत नाही?" आई हातातली जुडी न थांबवता म्हणाली, "माझे काम ताजे फूल देण्याचे. देव कोणता, ते घेणाऱ्याने बघावे." मात्र वाफ्यातली पहिली ओंजळ घरातल्या मारियामातेच्या तसबिरीपुढे जाई. त्या ओंजळीला भाव नसे.

१९९० च्या आगेमागे वसईतले गोडे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले. विहिरी खारावल्या, बावखले आटू लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना एकत्र केले आणि बायका मोर्चात उतरल्या. आई दादरहून परतली ती रिकामी पाटी कमरेवर घेऊन तशीच मोर्चात गेली. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "तुला काय कळते यातले?" ती म्हणाली, "खारट पाण्यावर कागडा जगत नाही, एवढे कळते."

मी चोपड्याला नोकरीला लागलो तेव्हा तिने विचारले, "तिकडे काय पिकते?" मी म्हटले, "केळी." तिला फार बरे वाटले. २०१४ च्या हिवाळ्यात ती दोन महिने आमच्याकडे राहायला आली, ती सुकेळ्यांचे पुडके घेऊन. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, आठवडाभर उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधलेली. अमळनेरला गाडीतून उतरून तापी ओलांडताना दोन्ही बाजूंचे केळीचे मैलोगणती बाग पाहून ती थक्क झाली. "एवढी केळी! आणि वाळवीत कोणीच नाही?" मी सांगितले, इथला माल ट्रकांतून दिल्लीपर्यंत जातो, वाळवायला वेळ कोणाला? तिला ते काही पटले नाही.

आमच्या शेजारी एक वारकरी बाई राहतात. वैशाखात अमळनेरच्या सखाराम महाराजांची यात्रा त्यांनी कधी चुकविली नाही. पहिल्याच रविवारी आई धुतलेले लुगडे नेसून, आमच्या गावची सातची मिस्सा सुरू होण्याच्या वेळेला, ओसरीवर माळ घेऊन बसली. घराजवळ चर्च नव्हते, म्हणून वेळ तरी पाळावी असे तिने ठरविले. शेजारीणबाई कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी अहिराणीत विचारले, "काय करी ऱ्हायनी वं माय?" आईला त्यातला 'माय' तेवढा कळला आणि पुरेसा झाला. थोड्या वेळाने पाहतो तो दोघी एकमेकींच्या माळा हातात घेऊन मणी मोजीत बसलेल्या. त्यांची एकशे आठांची तुळशीची, हिची दहा-दहांच्या पाच दशकांची. शेजारीणबाई म्हणाल्या, "तुमची लहान आहे." आई म्हणाली, "म्हणून मी दोनदा फिरविते." पुढले दोन महिने दोघींची बैठक रोज भरली. एक अहिराणी बोले, दुसरी वसईकडची बोली. मराठीचा प्राध्यापक असूनही मला दोन्ही बाजूंचे निम्मेच कळे. त्यांचे मात्र कोठे अडलेले दिसले नाही.

खानदेशात मराठी शिकवावयाची म्हणजे बहिणाबाई चौधरी आल्याच. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरीण, लिहिता-वाचता न येणारी. शेतात, जात्यावर ती गाणी म्हणे. तिचा मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती उतरून घेतली. १९५१ साली ती गेली, सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज इथल्या विद्यापीठालाच तिचे नाव आहे. वर्गात हे सांगताना दरवेळी माझ्या मनात येते की, मुलगा लिहून घेणारा होता म्हणून ती आई आपल्याला मिळाली. माझ्या आईने मात्र एकही ओवी रचली नाही. लिहून घ्यावे असे तिने क्वचितच काही म्हटले. ती करीत राहिली. कळ्या खुडणे, पाटी उचलणे, गुडघे टेकणे, यांची गाणी होत नाहीत.

तिला अभिमान वाटल्याचे मी एकदाच पाहिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष झाले फादर दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, आणि आईने आयुष्यात सलग वाचलेले मासिक तेवढेच. तिने फोनवर मला विचारले, "ही सभा म्हणजे तू शिकवतोस त्याच मराठीची ना?" मी होय म्हटले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग आता तुला कोणी विचारणार नाही." तो प्रश्न तिला मी कधी सांगितला नव्हता. तिने तो कोठून ऐकला होता, कोण जाणे.

शेवटचे आठ महिने ती अंथरुणाला होती. हात स्वस्थ नसत. चादरीच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी चालत राहत, जशी कळ्या खुडताना चालत. फादर येऊन अंतिम अभ्यंग देऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या घंटेनंतर, तो अंगठा थांबला.

अंत्यविधीला सारी आळी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिले आहेत ते दादरचे एक वृद्ध फुलवाले. त्यांच्याशी आईचा वीस वर्षांचा व्यवहार. कोणाकडून तरी त्यांना कळले आणि ते कागड्याचा भरगच्च हार घेऊन आले. देवळाच्या पायरीशी चपला काढून उभे राहिले. आत यावे की नाही, त्यांना कळेना. बहिणीने त्यांना हाताला धरून पुढे नेले. शवपेटीवर हार घालताना ते म्हणाले, "मावशींच्या फुलात कधी शिळी कळी निघाली नाही." वेदीवरून झालेल्या प्रवचनाइतकेच मला ते वाक्य मोलाचे वाटले. जपमाळ आम्ही तिच्या हाती गुंडाळून तिच्याबरोबरच जाऊ दिली.

महिन्याच्या मिस्सेनंतर बहीण आणि मी आईची पेटी उघडली. दोन लुगडी, पत्र्याची ती डबी, प्रार्थनेचे पुस्तक आणि एक शंभर पानी वही. वही उधारीची होती. बाजारातून आलेल्या पैशांतून आई आळीतल्या बायकांना अडीनडीला पैसे देई, हे आम्हाला मोघम ठाऊक होते. पण किती, ते ठाऊक नव्हते. चौथीतल्या अक्षरात तारीख, बाईचे नाव, रक्कम. पन्नास, शंभर, दोनशे. कित्येक ओळींपुढे फुली मारलेली. मी म्हटले, "चला, पुष्कळांनी फेडलेले दिसते."

बहीण वही जवळ घेऊन पाहू लागली. ती नर्स आहे. तिची नजर बारीक. ती म्हणाली, "फेडलेल्यांपुढे 'पावले' लिहिले आहे. हे बघ. फुल्या निराळ्या आहेत." खरेच. आणि नीट पाहिले तर त्या फुल्याही नव्हत्या. आडव्या-तिडव्या नव्हे, उभ्या रेघेवर आडवी रेघ. लहान लहान क्रूस होते ते. फेडता येणार नाही हे जिच्याविषयी कळून चुकले, तिच्या नावापुढे आईने क्रूस काढून हिशेब बंद केला होता.

त्यातली एक ओळ बहिणीने मोठ्याने वाचली. जून १९९९, आठशे रुपये, आणि पुढे क्रूस. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच जूनमध्ये माझ्या कॉलेजची फी, पास आणि पुस्तके यांसाठी आईने आपली एक पाटली मोडली होती. बहीण उसळून म्हणाली, "मी त्या वर्षी शिवलेल्या चपला घालून ड्यूटीला जात होते रे! आणि हिने इकडे आठशे रुपये सोडून दिले!" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. बहिणीचा राग खरा होता. देणाऱ्याच्या औदार्यात घरच्यांचाही वाटा नकळत खर्च होत असतो, आणि तो त्यांना कोणी विचारून घेतलेला नसतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना आठवत पडलो होतो. आईने ती आयुष्यात किती वेळा म्हटली असेल? तिच्यात क्षमेची एक मागणी आहे. आम्ही ती अपराधांची क्षमा म्हणून म्हणतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द आहे तो 'ऋण' या अर्थाचा. आमचे ऋण सोड, कारण आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, असा तिथला आशय. विद्वानांनी यावर पाने भरली आहेत. आईला ग्रीक येत नव्हते. तिने ती प्रार्थना म्हटली आणि मग वही उघडून ती खरी केली. देवाला जे सांगितले त्याचा हिशेब आपल्याकडे बरोबर असावा, एवढीच तिची काळजी. कळ्यांच्या मुठींवर प्रार्थना मोजणाऱ्या बाईला यात वेगळे काही वाटलेही नसेल.

दोन नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. तो आणि दिवाळी पुष्कळदा एकमेकांच्या मागेपुढे येतात. दफनभूमीतल्या साऱ्या कबरी धुऊन फुलांनी सजवितात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. दुरून पाहणाऱ्याला ती दीपावलीच वाटावी. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी आईच्या कबरीपाशी एक वयस्कर बाई आमची वाट पाहत उभ्या होत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घडी केलेल्या नोटा काढल्या आणि बहिणीच्या हाती देऊ लागल्या. "तुझ्या आयचे आठशे रुपये होते माझ्याकडे. ती असताना जमले नाही."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मग त्या बाईंची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली आणि म्हणाली, "मावशी, वहीत ते पैसे फिटलेले आहेत. आयने स्वतःच्या हाताने लिहिले आहे."

बाई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. नंतर हळूहळू देवळाकडे गेल्या आणि त्या नोटा त्यांनी गरिबांच्या पेटीत टाकल्या.